'एकच प्याला' आणि दीड तासाची मीटिंग

(मंडळाच्या गतवर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्यांच्या इच्छेनुसार नाव छापलेले नाही.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत वक्त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ आहे. दोघा-तिघांनी सकाळी विचारले, छापखान्याची चूक झाली का? चूक नाही, ती रेघ आम्हीच मागून घेतली. आम्ही याच मंडळातल्या चार घरांतली माणसे आहोत. तुम्ही आम्हाला चेहऱ्याने ओळखता, आमच्या घरच्या हळदीकुंकवाला येता. बोलायला एकजण उभा राहील आणि चौघांच्या वतीने बोलेल असे ठरले, म्हणून भाषणात सगळीकडे 'आम्ही' येईल. कोणत्या घरात काय घडले ते त्यातून कळायचे नाही. ज्या सभेविषयी बोलायचे आहे तिची रीतच तशी आहे.

आमच्या चारही घरांत एकेका माणसाला दारूचे व्यसन लागले. एका घरी यजमानांना, एका घरी मुलाला, एका घरी धाकट्या दिरांना. चौथ्या घरी ते कोणाला होते हे सांगत नाही. एवढेच सांगतो की दारू फक्त पुरुषच पितात हा समज बरोबर नाही. चारांपैकी तिघे आज पीत नाहीत. एक माणूस आता आपल्यात नाही.

बडोद्यात दारूविषयी बोलायचे तर सुरुवात नाटकापासून करावी लागते. 'एकच प्याला' पहिल्यांदा रंगमंचावर आले ते आपल्याच गावात, २० फेब्रुवारी १९१९ ला. गंधर्व नाटक मंडळीचा प्रयोग, बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला गेले होते. स्वतःचे नाटक त्यांना पाहता आले नाही. आपल्या आजी-पणजींनी ते पाहिले, त्या रडल्या, आणि सिंधू म्हणजे आदर्श पत्नी हे आपल्या घराघरांत पक्के बसले. नवरा मारतो, घर रिकामे होते, तान्हे मूल जाते, आणि मरताना पोलिसांपुढेही ती नवऱ्याला सांभाळून घेते.

आम्ही हे नाटक अलीकडे पुन्हा वाचले, तेव्हा आमचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. त्यात पिणाऱ्यांचे मंडळ आहे. तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ चांगले भरलेले असते, तिथे थट्टामस्करी चालते, येणाऱ्याचे स्वागत होते. दारू सोडणाऱ्यांचे मंडळ मात्र नाटकात कुठेच नाही. सुधाकर मधे एकदा सोडायचे ठरवतो, मनापासून ठरवतो, आणि एकटाच नोकरी शोधायला बाहेर पडतो. ओळखीची माणसे त्याला झिडकारतात. मग तो जातो कुठे? जिथे त्याला कोणी हाकलत नाही तिथे. रामलाल चांगला मित्र आहे, पण तो बोलतो ते उपदेशाचे. आणि सिंधूजवळ बसून 'माझ्याही घरी हेच चालले आहे' असे म्हणणारी बाई म्हणजे एक गीता, तळीरामाची बायको. ती तोंडाने फटकळ आहे. आमच्या मते त्या नाटकातले सर्वांत शहाणे माणूस तीच.

ज्या सभेला आम्ही जातो ती 'एकच प्याला'नंतर सोळा वर्षांनी जन्मली. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी न्यूयॉर्कचा एक शेअर बाजारातला माणूस कामासाठी गेला होता. नाव बिल. काही महिने त्याने दारू सोडली होती. तिथले काम फिसकटले, आणि मुक्कामाच्या हॉटेलात बार समोरच. आपण आता पिणार हे त्याला कळले. त्याने काय करावे? टेलिफोन उचलला आणि गावातल्या चर्चवाल्यांना फोन करत सुटला की मला एखादा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचे आहे. त्यातून भेट झाली डॉक्टर बॉब नावाच्या सर्जनशी. दोघे तासन्‌तास बोलले. बॉबने शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे 'एए'चा, स्थापनादिन मानतात. 'ॲनॉनिमस' म्हणजे बिननावाचे. बिलची पत्नी लोइस हिने पुढे १९५१ मध्ये घरच्यांसाठी वेगळी संघटना उभी केली, ती 'अल-अनॉन'. भारतात एए आली १९५७ साली.

यातली आम्हाला पटलेली गोष्ट अशी, की बिलने फोन केला तो समोरच्याला सुधारण्यासाठी नव्हे. आपण आज पिऊ नये म्हणून केला. दोन्ही माणसे गरजू होती, त्यामुळे उपदेश करायला कोणी उरलाच नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. गुजरातेत राज्य झाल्यापासून, १९६० पासून, दारूबंदी आहे. आणि ती असूनही काय मिळते, कुठे मिळते, पोटलीत काय येते आणि दमणहून काय येते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. दारूबंदीमुळे पुष्कळ घरे वाचली असतील, त्याविषयी आमचे दुमत नाही. पण ज्या घरात ती शिरली त्या घराची पंचाईत दुहेरी होते. महाराष्ट्रातल्या माणसाला लाज असते. इथल्या माणसाला लाज असते आणि पोलिसांची भीतीही असते. मदत मागायची म्हणजे आधी गुन्हा कबूल करायचा, असे वाटते. त्यात आपण मराठी लोक. दोन-दोन शतके इथे राहून सगळे एकमेकांच्या नात्यातले. दांडिया बाजारात शिंकले तर मकरपुऱ्यात 'बरे वाटत नाही का' म्हणून विचारतात. मुलीचे लग्न व्हायचे असेल तर विचारूच नका.

म्हणून आम्ही प्रत्येकाने आधी बाहेरगावी शोधले. पुण्याचे मुक्तांगण सगळ्यांना ऐकून माहीत होते. १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाईंचा त्याला आधार होता. आमच्या एका घरातला माणूस तिथे राहून आला आणि खरोखर बरा होऊन आला. पुण्यात पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, तोही बघितला. प्रश्न पुढचा होता. महिनाभर संस्थेत राहून माणूस बडोद्याला उतरतो तेव्हा स्टेशनबाहेर तेच गाव, तेच मित्र, तीच संध्याकाळचे सात. दर आठवड्याला पुण्याला जाणे शक्य नव्हते. तिथल्या समुपदेशकांनीच सांगितले, गावात एएची मीटिंग शोधा.

शोधा म्हणणे सोपे आहे. पाटी नसते, जाहिरात नसते. भिंतींवर जाहिराती असतात त्या 'न सांगता दारू सोडवा' म्हणणाऱ्या पुड्यांच्या. त्यांच्याविषयी एक वाक्य इथेच सांगतो: पिणाऱ्याच्या नकळत त्याच्या चहात, भाजीत असले काही घालू नका. दारूची शिसारी आणणारी खरी औषधे असतात, पण माणसाने त्यावर दारू घेतली तर प्रकृती एकाएकी गंभीर होऊ शकते. ती औषधे डॉक्टरांनी, रुग्णाला सांगूनच द्यायची असतात.

शेवटी नंबर मिळाला तो एका मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यातून. फोनवर गुजरातीत बोलणारे गृहस्थ होते. आम्ही नाव सांगायला लागलो तर म्हणाले, नाव राहू द्या. पिणारा कोण, तुम्ही का? नाही, आमचे यजमान. मग त्यांना वाटेल तेव्हा त्यांनाच फोन करू द्या. आम्हाला ते जरा तुटक वाटले. दारूपायी ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो फोन काय करणार! पण तो फोन झाला, अकरा दिवसांनी, रात्री पावणेअकराला. दुसऱ्या दिवशी दोन माणसे घरी आली. दोघे येतात, एकटा सहसा येत नाही. त्यांनी यजमानांना 'तुम्ही सोडा' असे एकदाही म्हटले नाही. स्वतःचेच सांगत बसले. एकाने रिक्षा विकली होती, दुसरा बँकेतला अधिकारी होता. तासाभराने यजमान म्हणाले, "हा तर माझीच गोष्ट सांगतोय."

मीटिंग कशी असते ते सांगतो, कारण भीती सगळी तिथेच असते. आमची मीटिंग एका शाळेच्या वर्गात भरते, संध्याकाळी. बारा-पंधरा माणसे, लहान मुलांचे बाक, फळ्यावर दिवसाचा सुविचार तसाच. फी नाही, नोंदवही नाही, सही नाही, फोटो नाही. पोलिसांकडे जाईल असा कागदच तिथे तयार होत नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. सुरुवातीला एक छोटे निवेदन वाचतात, मग एकेक जण बोलतो. "मारूं नाम अमुक, हुं आल्कोहोलिक छुं." सगळे नमस्कार करतात. तो पाच-सात मिनिटे स्वतःचे सांगतो. कोणी मधे बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेला बसणाऱ्यांना ही शिस्त अद्भुत वाटेल. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. त्यातूनच भाडे आणि चहा. बाहेरची देणगी ते घेत नाहीत, एखाद्या दानशूराने लाख रुपये देऊ केले तरी नाही. मीटिंग संपल्यावर पाच-सहा जण मिळून सेव उसळ खायला जातात. ही सेव उसळ कार्यक्रमात छापलेली नाही, पण आम्हाला वाटते निम्मे औषध तिच्यात आहे. जी वेळ पूर्वी अड्ड्यावर जायची ती इथे जाते.

काही मीटिंगा बंद असतात, फक्त पिणाऱ्यांसाठी. काही खुल्या, तिथे कोणीही बसू शकतो. आम्ही पहिल्यांदा खुल्या मीटिंगला बसलो तेव्हा एका माणसाचा 'वाढदिवस' होता. वय पन्नाशीच्या पुढचे, केकवर मेणबत्ती एक. दारू सोडून एक वर्ष झाले होते. त्याच्या मुलीने केक भरवला. आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांत पाणी आले नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

देवाचा प्रश्न हमखास विचारतात. हे ख्रिस्ती लोकांचे आहे का? सुरुवात तिकडे झाली, बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, हे खरे. पण तो ज्याला जसा समजला तसा, असे तिथेच म्हटले आहे. आमच्या वर्गात कोणी स्वामींचे नाव घेतो, कोणी माताजींचे. एक जुने कामगार पुढारी आहेत, ते म्हणतात माझा देव म्हणजे हे बाक. त्यांना कोणी टोकत नाही.

आणि देवाचा विषय निघालाच आहे, तर आज बाप्पा समोर आहेत म्हणून सांगून टाकतो. घरचा गणपती बसला की पिणाऱ्याला मूर्तीवर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला सांगतात. कोणी माळ घालायला लावतात. माळ घालून सुटलेली माणसे आहेत, वारीत अशी पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्याभोवतीही बघा, दिंडीच असते, एकटा कोणी नसतो. नुसती जन्मभराची शपथ मात्र फार जड असते. ती मोडली की माणूस म्हणतो, देवाशीच खोटे बोललो, आता उरले काय. आणि आणखी पितो. मीटिंगमध्ये जन्मभराचे कोणी बोलतच नाही. आज प्यायची नाही. उद्याचे उद्या. फारच कठीण असेल तर पुढचा तास.

घरच्यांची मीटिंग वेगळी, शेजारच्या वर्गात. आमच्यासाठी खरी शाळा ती ठरली. पाच-सहा बायका, एक वयस्क वडील, कधी एखादा नवरा. पहिल्या दिवशी आम्ही सगळे हिशेब घेऊन गेलो होतो: किती पितात, कुठून आणतात, बाटल्या कुठे लपवतात. एका बेननी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अने तमे केम छो?" आणि तुम्ही कशा आहात? चौदा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिथे शिकवतात की हा आजार तुम्ही लावला नाही, तो तुमच्या ताब्यात येणार नाही, आणि तो तुम्ही बराही करू शकणार नाही. ऐकायला हे निराशेचे वाटेल. चौदा वर्षे डोक्यावर असलेले ओझे खाली ठेवल्यावर ते कसे वाटते, हे ज्याचे त्यानेच अनुभवावे. 'साहेबांना ताप आहे' असा फोन त्यांच्या कार्यालयात आपण करायचा की त्यांना करू द्यायचा. उसने आणलेले पैसे कोणी फेडायचे. ते खाली पडले तर उचलून पलंगावर निजवायचे की जिवाला धोका नाही ना ते पाहून पांघरूण घालायचे. अशा बारीक बारीक गोष्टींवर तिथे तासन्‌तास बोलणे होते. मारहाण होत असेल तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठेवा, सहन करणे म्हणजे पातिव्रत्य नव्हे, हेही आम्ही तिथेच त्या बायकांच्या तोंडून ऐकले. सिंधूला एवढे सांगणारे कोणी भेटते तर गडकऱ्यांना पाचवा अंक वेगळा लिहावा लागला असता.

मीटिंगने सगळे होते असा दावा आम्ही करत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, वेळीच उपचार नाही झाले तर जिवावर बेतते. म्हणून पहिली पायरी डॉक्टर. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६, व्यसनमुक्तीसाठी. मानसिक त्रासासाठी टेली-मानस, १४४१६. केंद्रात ठेवायचे असेल तर परवाना बघा, आत डॉक्टर असतो का बघा, भेटायला देतात का विचारा. कुलूप लावून मारहाण करणारी ठिकाणेही असतात; आमच्यापैकी एकाने तसले एक पाहिले आहे, नाव घेत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत देशात सोळा कोटी लोक दारू पितात असे आढळले, आणि ज्यांना तिचे व्यसन जडले त्यांच्यातल्या साधारण अडतिसांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस आपापल्या घरी आहेत. एएचा उपयोग होतो का, यावर २०२० मध्ये सत्तावीस अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्य उपचारांइतकी, किंबहुना काही अंशी त्यांच्याहून चांगली ठरते, असा त्याचा निष्कर्ष आहे. खर्च पाहिला तर चहाचा.

घसरणही होते. आमच्यातला मुलगा सात महिने स्वच्छ होता, मग एका लग्नाला दमणला गेला. तीन आठवडे पीत होता. परत मीटिंगला जाताना दारापाशी थबकला, कारण सात महिन्यांचे नाणे खिशात होते. आत एका काकांनी फक्त खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "आव भाई, चा ठंडी थाय छे." त्याने पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. आज त्याला चौथे वर्ष चालू आहे. सुधाकर घसरला तेव्हा त्याला अशी खुर्ची कोणी सरकवली नव्हती.

जे गेले, ते तीनदा मीटिंगला आले होते. गुजराती नीट समजते पण मनातले मराठीतच येते, म्हणायचे. बडोद्यात जन्म जाऊनही माणूस रडतो ते आईच्या भाषेत. २०२० च्या टाळेबंदीत मीटिंगा फोनवर, संगणकावर भरू लागल्या तेव्हा मराठी मीटिंग ऐकायला मिळाली, पण तोवर यकृत फार बिघडले होते. त्यांच्या पत्नी आज इथे पहिल्या रांगांत कुठेतरी बसल्या आहेत. हे सांगायला त्यांनीच सुचवले.

म्हणून आमची मंडळाला एक मागणी आहे, आणि भाषण त्यासाठीच मागून घेतले. रंगमंचामागची खोली मंगळवारी संध्याकाळी रिकामी असते. तिथे सात ते साडेआठ या वेळात मराठी मीटिंग भरवायला एएचे चार मराठी सभासद तयार आहेत. घरच्यांची मीटिंग वाचनालयाच्या कोपऱ्यात बसू शकेल. खोली फुकट देऊ नका, ते घेणार नाहीत. महिन्याला जे परवडेल ते भाडे पिशवीतून येईल. मंडळाचे नाव कुठे येणार नाही, त्यांचेही इथे लागणार नाही. तालमीची पोरे त्या वेळी खाली असतात, त्यांनी वर कोण गेले ते पाहू नये, इतकेच. विसर्जनाच्या मिरवणुकीआधी कोण कुठे जाऊन येतात ते आम्हीही पाहत नाही.

अर्ज सचिवांकडे दिला आहे. कार्यकारिणीची बैठक अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी आहे. विरोध असेल तर तिथे उघड बोलावे, आम्ही उत्तरे देऊ. खुर्च्या वीस लागतील, चहाचे सामान आम्ही आणू. किल्ली मंगळवारी कोणाकडून घ्यायची, तेवढे ठरायचे आहे.